अकरावा छर्रा

ओलं गोणपाट, पत्र्यावर टाकलेलं. पाचव्या मिनिटाला कोरडं.

गुलाबी नखपॉलिशची बाटली. झाकण चिकटलेलं.

सोळा ताटं, त्यात दोन बिनतिखटाची.

शर्टाच्या खिशात एक कांदा. ऊन लागू नये म्हणून.

"श्वास अर्धा सोड. उरलेला धरून ठेव."

गोधडीचं जॅकेट.

अकरा भोकं.

मित्रांनो, मी छर्ऱ्याची एक जुनी रायफल आहे. वर जे विखुरलेलं पडलं आहे ते सगळं माझ्या दोन दिवसांतलं आहे, गेल्या मे महिन्यातल्या दोन दिवसांतलं. ते मी एकेक करून उचलणार आहे. पण आधी ओळख करून देते, म्हणजे तुम्ही मला उगाच घाबरणार नाही.

माझ्यात दारू नसते. माझ्या पोटात एक जाड स्प्रिंग आहे. नळी वाकवली की ती दबते. मग नळीच्या तोंडाशी हरभऱ्याहून लहान असा शिशाचा छर्रा ठेवायचा, नळी सरळ करायची, पुढचा काटा मागच्या खाचेत धरायचा आणि घोडा दाबायचा. दहा मीटरवर जाड कागदाचं एक कार्ड लावलेलं असतं. त्यावर एकात एक गोल रेषा, मधे काळं वर्तुळ आणि काळ्याच्या पोटात एक पांढरा ठिपका. मी कधी पाखरू मारलं नाही. त्या ठिपक्यासाठीच मी जन्मले.

जन्म दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यातला. तिथे एका माणसाने माझ्या लाकडी दस्त्यावर पॉलिश लावताना सात वेळा तळवा फिरवला होता. तो तळवा मला आठवतो, चेहरा नाही. आम्ही चौघी एका खोक्यातून वाशीम जिल्ह्यात आलो, अनसिंगकडच्या एका शाळेत. शाळेचं नाव सांगत नाही, कारण तिथे अजून मुलं शिकतात.

सव्वीस जानेवारीला आम्हाला टेबलावर मांडलं. हळदकुंकू लावलं. गावातले मोठे लोक आम्हाला हातात घेऊन आकाशाकडे नेम धरायचे आणि फोटो काढायचे. दोन वर्षं आमचं फार कौतुक झालं. मग एकीचा दस्ता फुटला, एकीची नळी वाकली, एक कोणीतरी घरी नेली ती आलीच नाही. पहिल्या दोघींच्या स्प्रिंगा पुढे माझ्या पोटात आल्या. आधी एकीची, ती थकल्यावर दुसरीची. मी एकटी उरले असं लोक म्हणतात. तसं काही नाही.

मला खोड कशी लागली तेही सांगते. मालेगावच्या स्पर्धेहून परत येताना मला मोटरसायकलला आडवी बांधली होती. बांधायला सुतळी होती, आणि रस्त्यात गतिरोधक. मी पडले. मागची खाच डावीकडे सरकली, तिच्या स्क्रूचं डोकं घासून गुळगुळीत झालं. मला तशीच उचलून लेझमांच्या खोलीत ठेवली. दोन पावसाळे गेले. स्क्रू गंजून जाम झाला. तेव्हापासून मी डावीकडे मारू लागले. कोणीही कितीही मधोमध धरो, छर्रा काळ्याच्या डाव्या कडेला जाऊन बसायचा. मुलं मला हात लावीनाशी झाली.

मग प्रसेनजित आला. नववीतला मुलगा, अंगाने काटकुळा, बोलायला कमी. त्याने पन्नास छर्रे माझ्याबरोबर घालवले आणि एक्कावन्नावा बरोबर ठिपक्यात घातला.

"सर, हे खराब नाई," तो म्हणाला. "हिची नजर तिरपी हाय. काळ्याच्या उजव्या कडेले धरलं का बरोबर मधात लागते."

"मंग तूच वापर," विकास सर म्हणाले. ते शाळेचे खेळाचे शिक्षक. "दुसरं कोनी तिले हात लावत नाई."

स्क्रू कोणी सोडवला नाही. सोडवायला अकोल्याहून माणूस आणावा लागला असता. त्यापेक्षा एका मुलाचा डोळा तिरपा करणं सोपं होतं.

प्रसेनजित पुढे पोलिसांत लागला. जायच्या आधीच्या रविवारी त्याने धाकट्या बहिणीला मैदानात आणलं. ती अकरा वर्षांची होती. रत्नमाला तिचं नाव.

"रत्ने, मधात पाहू नको. मधात पाहशीन तर डावीकडे जाशीन. उजवी कड धर."

"मंग मधात लागते तवा म्या मधात पाह्यलेलंच नसते?"

"नाई."

तिने एक डोळा मिटून उजवी कड धरून पाहिली. मग म्हणाली, "भारी हाय, दादा."

अशी माझी खोड त्या घरात भावाकडून बहिणीकडे गेली. माझ्या दस्त्यावर गाल कुठे टेकायचा तिथे तिने नखपॉलिशचा एक गुलाबी ठिपका लावला. पाच वर्षं, शाळेच्या प्रत्येक दिवशी, तिचा गाल त्या ठिपक्यावर आला. ती वाशीमला जिल्ह्यात दुसरी आली, पुढच्या वर्षी पहिली आली. शंभरपैकी ब्याण्णव, चौऱ्याण्णव. मी तिच्या हातात कधी सरळ मारलं नव्हतं, आणि तिचा छर्रा कधी ठिपक्यापासून लांब गेला नव्हता. आम्ही दोघी मिळून सरळ होतो.

यात बिघडलेलं काय होतं, मला अजून कळलेलं नाही.

*

आता ते दोन दिवस.

मे महिना. शाळेच्या फळ्यावर विकास सरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं:

उन्हाळी नेमबाजी व रायफल दुरुस्ती शिबिर
दिवस पहिला: दुरुस्ती, पवित्रा, श्वास
दिवस दुसरा: सकाळी ७ वाजता निवड चाचणी
पाणी आपापलं आणावं

अनसिंग, मालेगाव, रिसोड मिळून सोळा मुलं आली होती. सोळातून एकच नाव अमरावतीच्या निवासी प्रशिक्षणाला जाणार होतं. तिथे राहणं, जेवण, अकरावीचा वर्ग आणि स्वतःच्या नावावर दिलेली रायफल. रत्नमालाची दहावी झाली होती. आमची शाळा दहावीपर्यंतच. म्हणजे जूनपासून ती या शाळेची नव्हती, आणि मी शाळेची होते. तिच्या घरी रायफल येण्यासारखी नव्हती. निवड झाली तर ती नेम धरत राहणार, नाही झाली तर माझ्यावरचा तिचा गाल कायमचा उठणार. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

मैदानाच्या कडेला सायकली लावायची पत्र्याची शेड होती. तिथेच नेमबाजीची रांग लावली. "श्वास अर्धा सोड. उरलेला धरून ठेव," विकास सर एकेकाला सांगत फिरत होते. पारा चव्वेचाळीसवर. पत्र्यावर ओली गोणपाटं टाकली होती, ती पाच मिनिटांत पापडासारखी व्हायची. छर्ऱ्यांची डबी उघड्या हाताने धरवत नव्हती. पाहुण्यांच्या खोलीत मात्र एक मोठा कूलर होता. त्याचा घरघराट शेडपर्यंत यायचा, हवा यायची नाही.

रत्नमाला जॅकेट घालून आली. नेमबाजीत अंग हलू नये म्हणून जाड जॅकेट लागतं. विकतचं तिच्याकडे नव्हतं, म्हणून तिच्या आईने, बेबीताईंनी, जुन्या गोधडीचं शिवलं होतं. खांद्याला चार पदर, कोपराला सहा. आत शर्टाच्या खिशात आईनेच घातलेला कांदा.

"काय वं रत्ना, थंडी वाजून राह्यली का?" करण म्हणाला. संस्थेच्या अध्यक्षांचा नातू. त्याच्याकडे स्वतःची नवी रायफल होती, परदेशी, मखमली पेटीतली.

"हो ना," रत्नमाला म्हणाली. "तुहं कालचं कार्ड पाह्यलं, तवापासून हुडहुडी भरली."

मुलं हसली. करणही हसला. मी त्याच्याविषयी चांगलंच बोलायचं ठरवलं आहे. बघू जमतं का.

रायफली दुरुस्त करायला अकोल्याहून हमीदभाई आले होते. पांढरी दाढी, कपाळावर चढवलेलं भिंग, लाकडी पेटीत शंभर बारीक हत्यारं. त्यांची कामाची एक रीत होती. ज्याची रायफल त्याला समोर बसवायचे. सोयाबीन भरलेल्या पिशवीवर नळी टेकवून त्याच्याकडून पाच छर्रे मारून घ्यायचे. कार्ड बघायचे, स्क्रू फिरवायचे, पुन्हा पाच. "प्रत्येकाचा डोळा वेगळा राहते," ते म्हणायचे. "डोळ्याशिवाय हत्यार लावणं म्हणजे नवरदेवाशिवाय शेरवानी शिवणं."

माझी पाळी आली. रत्नमाला तेव्हा तिथे नव्हती.

"कोनाची हाय ही?" हमीदभाईंनी विचारलं.

"शाळेची," विकास सर म्हणाले.

"शाळा बसते का मागं, सर? मारते कोन?"

"मारते एक पोरगी. येईन ते. तुमी करून टाका, जेवनाची वेळ होऊन राह्यली. करण, तू बस रे जरा."

करणची रायफल लावून झाली होती. तो माझ्यामागे बसला. त्याचा गाल गुलाबी ठिपक्याच्या बराच पुढे आला. त्याने पाच मारले. पाचही डावीकडे.

"पाह्यलं? डावीकडेच मारते," करण म्हणाला. "सगळ्याईले माहीत हाय."

"मग आजवर कोनी काढलं काहून नाई?"

विकास सरांनी घड्याळ पाहिलं.

हमीदभाईंनी माझ्या स्क्रूवर रॉकेलचे थेंब सोडले. पितळेच्या छोट्या हातोडीने टकटक केलं. पुन्हा थेंब, पुन्हा टकटक. डोक्यावर करवतीच्या पात्याने नवी खाच पाडली, आणि पेचकस लावून दाबला. किरर्र करून स्क्रू फिरला. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. वर्षानुवर्षं अवघडलेली मान कोणी अलगद सरळ करावी, तसं. मी तेवढ्यापुरती तिला विसरले. ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नव्हती.

करणने पुन्हा पाच मारले. पाचही मधे.

"आता सरळ झाली," तो म्हणाला.

"जिची हाय तिले सांगा बरं, सर," हमीदभाई म्हणाले. "बाजूले धरायची सवय लागली असन, तर पोरगी घोटाळ्यात येते."

आणि सांगण्यावर विसंबायला नको म्हणून त्यांनी एक चिठ्ठी लिहून माझ्या घोड्याच्या कडीला दोऱ्याने बांधली. चिठ्ठीवर एवढंच होतं:

डावी मार काढली. आता मधोमध धरा.

मग रॉकेलच्या चिंधीने त्यांनी मला दस्त्यापासून नळीपर्यंत पुसलं. गुलाबी ठिपका निघून गेला. त्यांना तो डाग वाटला असेल.

दहा मिनिटांनी स्वयंपाकीण विचारायला आली, किती पानं होतील. विकास सरांनी खिसे चाचपले, कागद मिळाला नाही. त्यांनी माझी चिठ्ठी सोडली, न वाचता उलटी केली आणि मागे लिहिलं: सोळा. दोन बिनतिखट. कागद बाईंच्या हातात दिला.

वांग्याची भाजी आणि रोडगे होते. चांगले झाले होते म्हणे.

*

संध्याकाळी ऊन उतरल्यावर रत्नमालाने मला हातात घेतलं. आधी दस्ता पाहिला.

"सर, हिचा ठिपका गेला."

"साफ केली तिले."

"अजून काय केलं?"

"तेल-पानी."

"फक्त तेल-पानीच? खाच-बीच तर नाई हलवली?"

तिने विचारलं होतं, मित्रांनो. नेमकं तेच विचारलं होतं.

"अवो बाई, तुह्या बंदुकीत का हिरे बसवतीन का ते?" सर म्हणाले. "उद्या साताले ये."

"दोन छर्रे मारून पाह्यते ना, सर."

"छर्रे मोजून हायेत. उद्याचे उद्या."

करण तिथेच पायरीवर बसून कैरीचं पन्हं पीत होता. त्याने पेला तोंडापासून खाली घेतला. काहीतरी बोलेल असं वाटलं. मग त्याने पेला पुन्हा तोंडाला लावला.

तो विसरला असेल. पन्हं गार असेल. मी म्हटलं होतं ना, बघू जमतं का.

रत्नमालाने पिशवीतून बाटली काढली, चिकटलेलं झाकण दातांनी उघडलं आणि जुन्या जागी नवा ठिपका लावला. फुंकर मारून वाळवला. "झालं," ती मला म्हणाली. "आता वळखू येते."

*

सातची चाचणी साडेदहाला सुरू झाली. अध्यक्ष इंद्रभानराव यायचे होते. ते आले, पांढरेशुभ्र, डोक्याला दुपट्टा बांधून. फोटो झाले. शेडचा पत्रा तडतडू लागला होता.

"ऊन चढून राह्यलं," विकास सरांनी सांगितलं. "सरावाचे छर्रे नाई मिळनार. सिद्धे दहा मारा आन् मोकळे व्हा. मधात कोनी कार्डाजवळ जायचं नाई."

दहा मीटरवरून काळ्यावरचं भोक उघड्या डोळ्यांना दिसत नाही. दुर्बीण एकच होती, ती इंद्रभानरावांच्या गळ्यात.

पहिला. गाल ठिपक्यावर आला. गोधडीतून तिचं काळीज मला ऐकू येत होतं, आधी वेगाने, मग सावकाश. काटा उजव्या कडेवर गेला. मी आतून आक्रसले. स्प्रिंग सुटली. छर्रा तिने जिथे धरलं तिथेच गेला. तिच्या हातात पहिल्यांदा.

दुसरा. तिथेच.

तिसरा. कपाळावरचा घाम भुवईवर अडला. तिने थांबून पुसला, पुन्हा पवित्रा घेतला. घाई केली नाही. घाई केली असती, हात हलला असता, तर एखादा तरी चुकून मधे गेला असता.

चौथा, पाचवा.

सहाव्याला मी स्प्रिंग अडवायचा प्रयत्न केला. रायफलीला तसं करता येत नाही.

सातवा. शेजारच्या जागेवरून करणने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, आणि परत आपल्या कार्डाकडे.

आठवा, नववा.

दहाव्याच्या आधी ती अगदी हळू म्हणाली, "चाल, शेवटचा." मी गेले.

विकास सर कार्डांसमोरून वही घेऊन चालले. वाचत गेले. करण चौऱ्याऐंशी. रिसोडची मुलगी ऐंशी. मालेगावचा मुलगा सत्त्याहत्तर. मग ते थांबले, वाकले.

"रत्नमाला," ते म्हणाले. "सत्तर."

शेडमधे कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

हमीदभाई आपली पेटी बांधत होते. ते उठले, कार्डापाशी गेले आणि भिंग डोळ्यावर घेतलं.

"सर, हे पाहा. दहाच्या दहा एका जागी. बोटाच्या नखाखाली झाकतीन. इथल्या एकाचंबी कार्ड असं नाई. हे चूक नाई, सर. हे सांगितलं नाई कोनी तिले."

"काय सांगायचं?"

"म्या चिठ्ठी बांधली होती."

विकास सरांचा हात आपोआप खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. त्यांना आठवलं, मी पाहिलं. त्यांचा चेहरा क्षणभर अगदी लहान मुलासारखा झाला. मग त्यांनी इंद्रभानरावांकडे पाहिलं आणि तो पुन्हा मोठा झाला.

"भाई, कार्डावर हाय ते हाय. रिंगा मोजतात, कारणं नाई मोजत."

"पुढल्या वर्षी येईन पोरगी," इंद्रभानराव खुर्चीतून म्हणाले. "एवढं का त्याच्यात."

पुढल्या वर्षी ती कुठली येणार होती, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

रत्नमाला माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. तिने माझी मागची खाच अंगठ्याने चाचपली. स्क्रूवरची नवी, चकाकणारी चीर तिला लागली.

"सरळ झाली तू," ती म्हणाली. "आन् मले सांगतलं नाई."

मित्रांनो, मला शंभर माणसांनी नावं ठेवली आहेत. भंगार म्हटलं आहे. त्यातलं एकही आता आठवत नाही. हे आठवतं.

"सर, एक छर्रा मारू द्या," ती म्हणाली. "एकच. मोजू नका. फक्त पाहा."

सर वहीतले आकडे पुन्हा मांडू लागले. हमीदभाईंनी स्वतःच्या सदऱ्याच्या खिशातून एक छर्रा काढून तिच्या तळव्यावर ठेवला आणि सगळ्यांना दोरीच्या मागे घेतलं.

गाल ठिपक्यावर. श्वास अर्धा. काटा उजव्या कडेवर गेला, सवयीने. थांबला. मग इंचाइंचाने, तिच्या पाच वर्षांना ओढत, मधे आला. तिचं सगळं अंग त्याला नको म्हणत होतं. मला ते खांद्यापासून बोटापर्यंत कळत होतं.

छर्रा पांढऱ्या ठिपक्याच्या पोटात गेला.

हमीदभाईंनी कार्ड काढून आणलं आणि टेबलावर ठेवलं. उजव्या कडेला एक फाटकं भोक, दहा छर्ऱ्यांचं. मधोमध एक स्वच्छ भोक, अकराव्याचं.

विकास सर कार्डावर वाकले. मग त्यांनी नियमांचं पत्रक उघडलं. त्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. माणूस घाबरला की कागद उघडतो.

"कार्डावर दहापेक्षा जास्त भोकं असली," ते वाचत म्हणाले, "तर कार्ड रद्द."

"सर, तुमच्यासमोर मारला ना तिनं," हमीदभाई म्हणाले.

"समोर मारला. पन ह्याच कार्डावर मारला. उद्या कोनी वरून तपासलं तर म्या काय सांगू?"

वहीतल्या सत्तरवर त्यांनी आडवी रेघ मारली. फळ्यावरच्या निकालात पंधरा नावं लागली.

रत्नमालाने गोधडीचं जॅकेट काढलं. पाठीला मीठ फुटलेलं होतं. जॅकेटची घडी घातली, खिशातला कांदा काढून टेबलावर ठेवला, आणि मला त्याच्या शेजारी. जाताना तिने हमीदभाईंना वाकून नमस्कार केला.

"माफ कर, बेटा," ते म्हणाले.

"तुमी तर चांगलंच केलं, चाचा," ती म्हणाली. "तिची मान दुखत असन."

*

करण अमरावतीहून सतराव्या दिवशी परत आला. तिथलं जेवण त्याला मानवलं नाही.

माझे मात्र चांगले दिवस आले आहेत. सरळ मारते म्हणून मला काचेचं कपाट मिळालं आहे, मुख्याध्यापकांच्या खोलीत. शेजारी करणचा हार घातलेला फोटो. दर महिन्याला मला तेल लागतं. कोणी मारत नाही, पण पाहुण्यांना दाखवतात. दस्त्यावर गुलाबी ठिपका अजून आहे. तो कपाटाच्या मागच्या बाजूला येतो, म्हणून दिसत नाही.

रत्नमाला वाशीमला अकरावीला आहे, कॉमर्सला. एकदा दाखला न्यायला आली होती. बाकावर बसून तिने कपाटाकडे पाहिलं. वाटलं, मधोमध पाहते आहे. मग लक्षात आलं, तिची नजर माझ्या जरा उजवीकडे होती.

मित्रांनो, जुन्या वस्तू नेहमी सांगतात, आमची काळजी घ्या, आम्हाला दुरुस्त करा, टाकून देऊ नका. मीही तेच सांगितलं असतं. पण मला दुरुस्त केलेलं आहे, म्हणून दुसरं मागते. कुठल्याही वस्तूला सरळ करायच्या आधी विचारा, तिच्या वाकडेपणाशी कोणी जुळवून घेतलं आहे का. आणि ज्याने जुळवून घेतलं आहे, त्याला हाक मारा. तो लांब असला तर थांबा. जेवण थोडं उशिरा होईल.

चिठ्ठी लिहिली असेल, तर ती वाचा.

पहिल्या दिवशी सव्वाअकराला, हमीदभाईंनी माझा स्क्रू फिरवला तेव्हा, विकास सरांनी सांगितलं म्हणून रत्नमाला पाहुण्यांच्या खोलीतल्या कूलरमधे पाणी भरत होती. चौथी बादली.